‘सिक’ कोण? गिरणी, की गिरणीकामगार?



इंग्रजी भाषेत चार अक्षरांचा एक शब्द आहे. तो शिकायला तुम्हाला शाळा लागली नाही, मास्तर लागला नाही आणि डिक्शनरी तर नाहीच नाही. पगाराच्या दिवशी अंगठा उठवून पैसे घेणाऱ्या माणसालासुद्धा हा शब्द बरोबर ठाऊक होता. तो शब्द म्हणजे ‘सिक’! “आज गणपत दिसत नाही?” “सिकवर आहे.” “कांडीखात्यातली सखूबाई कुठं गेली?” “तिनं सिक घेतलीय.” संपले! एवढ्यात जॉबरला कळले, बदलीवाल्याला कळले, खोलीतल्या सोबत्याला कळले आणि खानावळीच्या मावशीलाही कळले की आज एक ताट कमी वाढायचे.

शब्द विलायती आहे म्हणून आम्ही कपाळाला आठ्या घालणार नाही. बॉयलर, बॉबिन, जॉबर, नोटीस, फोल्डिंग असे किती तरी पाहुणे आमच्या बोलीत आले, चटई टाकून बसले आणि घरचे झाले. मराठी भाषा काही पापड नव्हे की परक्या शब्दाचा वारा लागताच मोडेल. आमची तक्रार निराळी आहे. शब्द एकच, पण तो कामगाराच्या कपाळी लागला म्हणजे त्याचा अर्थ एक होतो, रेल्वेच्या वाघिणीला लागला म्हणजे दुसरा होतो आणि गिरणीमालकाच्या चोपडीला लागला म्हणजे तिसराच होतो! आणि या तिन्ही अर्थांत पैशाचा हिशेब आहे. म्हणून आज आम्ही हे थोडेसे व्याकरण मांडायला बसलो आहोत. शाळेतले व्याकरण झोप आणते, हे झोप उडवील.

आधी त्या इंग्रजांच्याच घरी जाऊन पाहू. विलायतेतला माणूस ‘मी सिक झालो’ म्हणाला तर तो बहुधा ओकला असे समजावे. अमेरिकेतला माणूस तेच म्हणाला तर त्याला ताप, खोकला, पोटदुखी काहीही झालेले असेल. बोटीवर मळमळले तर ‘सी-सिक’, घरची आठवण आली तर ‘होम-सिक’. कोकणातून पहिल्यांदा आलेला पोरगा रात्री चाळीच्या गॅलरीत बसून मुसमुसायचा, त्याला साहेबाच्या भाषेत ‘होम-सिक’ म्हणतात. पण ही सिक कुठल्याही मस्टरवर चढली नाही आणि तिचा एक पैसाही कुणाला मिळाला नाही! एखाद्या गोष्टीचा वीट आला तरी तो ‘सिक’, विनोद किळसवाणा असला तरी तोही ‘सिक’. आणि आता तर कहरच झाला आहे. इंग्रजी बोलणारी तरुण पोरे एखादी वस्तू झकास वाटली, गाणे फर्मास वाटले, की म्हणतात ‘सिक!’ आमच्या चाळीतल्या इंग्रजी शाळेतल्या नातवंडांच्या तोंडीही हे येऊ लागले आहे. आजोबाने उभी हयात ज्या शब्दाने छातीचे दुखणे सांगितले, त्याच शब्दाने नातू आनंद सांगतो. असो, तो भाषेचा खेळ आहे, त्याला आम्ही हसून सोडून देतो. जिथे हसून सोडता येत नाही तिथे चला.

कामगाराची सिक ही काय चीज होती ते तुम्हाला सांगायला नको, पण ज्या पोरांनी गिरणी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला आणि १९५४ साली ती योजना मुंबईत आली. पगारातून वर्गणी कापायची, आणि आजारी पडलास तर पॅनेलच्या डॉक्टरकडे जाऊन दाखला आणायचा. दाखला आणला म्हणजे झाले काय? पहिले दोन दिवस कोरडे! दोन दिवस ताप आला तर तो विम्याच्या हिशेबी ताप नव्हेच. तिसऱ्या दिवसापासून पगाराच्या साधारण निम्मा भत्ता. पुढे सवलती वाढल्या, वर्षाकाठी ९१ दिवसांची मर्यादा झाली, क्षयरोगासारख्या लांबलचक दुखण्याला जादा मुदत मिळाली. हे कामगारांनी मिळवलेले हक्क आहेत आणि त्यांची आम्ही टिंगल करणार नाही. पण एवढे खरे की ज्या महिन्यात औषधाला, दुधाला, मोसंब्याला पैसा जास्त लागायचा, नेमक्या त्याच महिन्यात घरात पैसा निम्मा यायचा.

शिवाय संशय! कामगार सिक म्हणाला की पहिला प्रश्न, ‘खरंच आजारी आहे की गावाला पळालाय?’ शिमगा जवळ आला, गणपती जवळ आले, की दाखला देणारा आणि दाखला पाहणारा दोघेही डोळे बारीक करून पाहायचे. नाडी दाखव, जीभ दाखव, थुंकी तपासून आण, क्ष-किरणाचा फोटो काढून आण. बरा झालास तरी सुटका नाही. ‘फिट’चा दाखला आणल्याशिवाय खात्यात पाऊल टाकायचे नाही. म्हणजे आजारी असल्याचाही पुरावा द्यायचा आणि आजारी नसल्याचाही!

आणि आजार तरी कुठून यायचा? ब्लोरूममध्ये आणि कार्डिंगमध्ये कापसाची धूळ उडायची. ती डोक्यावर बसायची, भुवयांवर बसायची आणि श्वासाबरोबर छातीत जाऊन बसायची. साप्ताहिक सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेले की छाती आवळल्यासारखी व्हायची, धाप लागायची. आठवडा सरत आला की जरा बरे वाटायचे. डॉक्टरी पुस्तकांत या रोगाला ‘बिसिनोसिस’ म्हणतात, आणि सुट्टीनंतरच्या दिवशी तो जोर धरतो ही त्याची जगभर ठाऊक असलेली खूण आहे. कायद्याच्या परिशिष्टात तो धंद्यामुळे होणारा रोग म्हणून नोंदलेलाही आहे. पण सोमवारी धापा टाकणाऱ्या माणसाला खात्यात काय ऐकायला मिळायचे? ‘काल जास्त झाली वाटतं!’ रोगाची जी खूण, तीच माणसाच्या चारित्र्यावरचा डाग ठरली. सांचाखात्यात मागांच्या खडखडाटाने कान गेले. त्याला तर कुणी सिक म्हटलेच नाही, ‘बहिरा’ म्हणून टोपणनाव पाडले आणि विषय मिटवला.

याच सिकला एक दुसरी बाजूही होती. दरवाजावर बदली कामगार रोज पहाटे उभा असायचा. आत कायमचा माणूस आजारी पडला तरच त्याच्या हाताला त्या दिवशी काम. एकाची सिक ती दुसऱ्याची रोजी! एका चाळीत, कधी एका खोलीत राहणारी दोन माणसे. एकाला ताप भरावा तेव्हा दुसऱ्याची चूल पेटावी, अशी ही व्यवस्था. ज्याने ही रचना केली त्याने मात्र आयुष्यात कधी भोंग्याच्या आधी उठून दरवाजात ताटकळत उभे राहून पाहिलेले नाही.

आता रेल्वेकडे वळा. परळच्या आणि लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपात आपले किती तरी भाऊबंद कामाला होते, आहेत. त्यांना विचारा. रेल्वेत माणसाप्रमाणे डबाही ‘सिक’ होतो! मालगाडीच्या वाघिणीचे चाक बिघडले, ब्रेक बिघडला, की तपासनीस तिच्यावर ‘सिक’ अशी खूण करतो. मग तिला गाडीतून तोडतात आणि एका खास रुळावर नेऊन उभी करतात. त्या रुळाचे नावच ‘सिक लाईन’. तिथे फिटर येतो, हातोडा येतो, नवा भाग बसतो, तपासणी होते आणि वाघीण ‘फिट’ होऊन पुन्हा धावू लागते. किती सरळ कारभार! तिथे सिक या शब्दाचा अर्थ ‘हिला दुरुस्त करा’ एवढाच आहे. वाघीण सिक झाली म्हणून रेल्वेने रूळ उखडून ती जागा विकायला काढली, असे कुणी कधी ऐकले आहे काय?

आता तिसरा अर्थ. आमच्या गिरण्यांच्या नशिबी आला तो.

मुंबईची पहिली कापडगिरणी ताडदेवला उभी राहिली. कंपनी १८५४ साली स्थापन झाली आणि दोन वर्षांनी सूत निघू लागले. त्यानंतर शंभर वर्षे या गिरण्यांना कुणी सिक म्हटले नाही. मंदी आली, टाळेबंदी आली, गिरण्या बुडाल्या, विकल्या गेल्या, नाव बदलून पुन्हा उभ्या राहिल्या. तेव्हा लोक ‘अमक्याची गिरणी बुडाली’ असे साध्या शब्दांत बोलत. मग १९६० च्या दशकात मागे पडलेल्या गिरण्यांचा प्रश्न वाढला, १९६८ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ काढले आणि १९७२ साली दिल्लीच्या कायद्याच्या मथळ्यातच हा शब्द येऊन बसला. ‘सिक टेक्स्टाईल अंडरटेकिंग्ज’! त्या वर्षी ४६ गिरण्यांचा कारभार सरकारने हाती घेतला आणि १९७४ साली देशभरच्या १०३ गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले.

तारखा नीट ध्यानात ठेवा, बंधूंनो. १९७२ आणि १९७४! कारण तुम्हाला गेली चाळीस वर्षे एक गोष्ट ऐकवली जाते की संपामुळे गिरण्या आजारी पडल्या. संप झाला १८ जानेवारी १९८२ ला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मग त्याच्या आधी आठ-दहा वर्षे ज्या १०३ गिरण्या ‘सिक’ म्हणून सरकारदरबारी नोंदल्या गेल्या, त्या कुणाच्या संपाने आजारी पडल्या? यंत्रे आजोबांच्या काळची, मागावर रंगाचे थरावर थर, नफ्यातला पैसा नव्या मागांऐवजी दुसरीकडे वळवलेला, असे कामगार दहा वर्षे कानीकपाळी ओरडत होते. ती ओरड म्हणजे रोगाची जुनी नोंद होती. ती कुणी वाचली नाही. संप झाला आणि मग सगळे वैद्य एका सुरात म्हणाले, ‘हाच तो ताप!’ संपाने फटका बसला नाही असे आम्ही म्हणत नाही. पण रोग दहा वर्षांचा आणि दोष मात्र शेवटच्या रात्री अंगावर आलेल्या वाऱ्याला, हे कुठले वैद्यक?

१९८३ साली मुंबईच्या आणखी १३ गिरण्यांचा कारभार सरकारने घेतला. आणि १९८५ साली आला तो सगळ्यांत मोठा कायदा, आजारी औद्योगिक कंपन्यांचा. त्याखाली ‘बी.आय.एफ.आर.’ नावाचे मंडळ नेमले गेले आणि १९८७ पासून ते काम पाहू लागले. या कायद्यात सिक कुणाला म्हणायचे याची व्याख्या दिलेली होती. ती ऐका, आणि आपल्या त्या पॅनेल डॉक्टरच्या दाखल्याशी ताडून पाहा.

कंपनीचा साठत आलेला तोटा तिच्या निव्वळ भांडवलाइतका किंवा त्याहून जास्त झाला की ती सिक. कोण ठरवणार? कंपनीचाच ताळेबंद. ताळेबंद कोण तपासणार? कंपनीनेच फी देऊन नेमलेला ऑडिटर. मंडळाकडे अर्ज कोण करणार? कंपनीचेच संचालक. म्हणजे रोगी स्वतःच नाडी पाहतो, स्वतःच डॉक्टर नेमतो आणि स्वतःच जाऊन खाटेवर पडतो! जीभ दाखव नाही, थुंकी तपास नाही, ‘गावाला पळाला काय’ असा प्रश्न नाही.

त्यातली खरी मेख मात्र पुढे आहे, म्हणून जरा सावकाश वाचा. निव्वळ भांडवल म्हणजे काय? भागधारकांनी भरलेला पैसा आणि नफ्यातून बाजूला टाकलेली गंगाजळी. मालमत्तेची आजची वाढलेली किंमत धरून जी गंगाजळी दाखवता येईल, ती या हिशेबात धरायची नाही, असे कायद्यात १९९३ च्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिले गेले. आता परळ-लालबागच्या गिरणीकडे पाहा. जमीन घेतली पणजोबाच्या काळात, चोपडीत किंमत त्या काळची. बाहेर त्याच जमिनीचा भाव सोन्याशी स्पर्धा करतो आहे. पण चोपडीत ती कवडीमोल! कापडाचा तोटा रोजच्या भावाने मोजायचा आणि जमीन पणजोबाच्या भावाने मोजायची. असा तराजू लावला तर कुबेरसुद्धा आजारी ठरेल. हिशेब ठेवणारे म्हणतील, ‘रीतच तशी आहे, जमीन मूळ खरेदीच्या किमतीनेच धरतात.’ असेल. धंदा चालवायचा असेल तेव्हा ती रीत शहाणपणाचीच आहे. पण जमीन विकायचा बेत मनात असताना त्याच रीतीने स्वतःला भिकारी म्हणवून घ्यायचे, याला आम्ही आमच्या भाषेत लबाडी म्हणतो.

एकदा सिक ठरले की मग औषधपाणी सुरू. मंडळापुढे प्रकरण असेपर्यंत कंपनीविरुद्ध वसुलीचे दावे, जप्ती, गुंडाळण्याचे अर्ज हे सारे मंडळाच्या परवानगीशिवाय चालवायचे नाहीत, असे संरक्षण याच कायद्याच्या २२ व्या कलमात होते. कामगार सिक झाला तर वाण्याने उधारी थांबवली काय? घरमालकाने भाड्याचा तगादा थांबवला काय? कामगाराचा पहिला दोन दिवसांचा पगार बुडतो. कंपनीचे मात्र सगळे देणेकरीपण वर्षानुवर्षे फडताळात. शब्द तोच!

आणखी एक गंमत पाहा. १९८० च्या दशकात शंभराहून जास्त कामगारांचा कारखाना बंद करायचा तर सरकारची आगाऊ परवानगी घेणे मालकावर कायद्याने बंधनकारक होते. बंद करायला परवानगी लागे. आजारी पडायला लागत नसे! गिरणी बंद म्हटली की पत्रकार येणार, आमदार येणार, विधानसभेत प्रश्न येणार. गिरणी आजारी म्हटली की सगळे हळू आवाजात बोलू लागतात. आजाऱ्याच्या उशाशी कोण ओरडतो?

१९९१ साली मुंबईसाठी विकास नियंत्रण नियमावली आली. तिचा ५८ वा नियम गिरण्यांच्या जमिनींचा. त्या नियमाच्या तोंडीच हा आपला शब्द उभा आहे: ‘सिक आणि/किंवा बंद’ गिरण्या. ‘आणि/किंवा’! केवढी ही मधली तिरपी रेघ! आजारी असली तरी चालेल, बंद असली तरी चालेल, दोन्ही असली तर उत्तमच. जो अजून खाटेवर आहे आणि ज्याला खांद्यावर घेतले आहे, त्या दोघांना एका ओळीत बसवणारे हे व्याकरण जगात दुसरीकडे सापडणार नाही. नियमाचा हेतू कागदावर चांगला होता. गिरणीचे पुनरुज्जीवन व्हावे, त्यासाठी पैसा लागतो म्हणून जमिनीच्या विकासाला मुभा द्यावी. आणि जमिनीचे तीन वाटे करावेत, एक शहराच्या मोकळ्या जागांना, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. मग २००१ साली नियम बदलला, आणि वाटे फक्त जिथे बांधकाम नव्हते तेवढ्या मोकळ्या तुकड्याचे करायचे ठरले. गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती किती? खात्याला खाते लागलेले! वाटा उरला, वाटणी करायची जमीन आटली. त्यावर हायकोर्टात झगडा झाला. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई हायकोर्टाने शहराच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. त्याआधी २००५ च्या उन्हापावसात महामंडळाने मुंबईतल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या, त्यांचे मिळून सुमारे दोन हजार कोटी रुपये आले. एका मुंबई टेक्स्टाईल मिलच्या जागेचेच ७०२ कोटी! अरे, मग आजारी कोण होते? ज्याच्या अंथरुणाखाली ७०२ कोटी रुपये आहेत, त्याला आमच्याकडे कुणी दुखणेकरी म्हणत नाही. त्याला म्हातारा म्हणतात, आणि पुतणे त्याच्या मरणाची वाट पाहत असतात.

पुतण्यांवरून आठवले. या शब्दाचा असा उपयोग काही मुंबईच्या शेठजींनी शोधून काढलेला नाही. १८५३ साली, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली त्याच वर्षी, रशियाचा झार पहिला निकोलस इंग्रज वकील सेमूर याच्याशी बोलताना तुर्कस्तानच्या साम्राज्याला ‘सिक’ माणूस म्हणाला. पुढे ‘युरोपचा आजारी माणूस’ हा वाक्प्रचारच झाला. पण झारने ही गोष्ट कशासाठी काढली होती? तुर्काला औषध द्यावे म्हणून? छे! आजारी गेला तर त्याची इस्टेट आपण कशी वाटून घ्यायची, याचे आधीच ठरवून ठेवू, हा मुद्दा होता. आजाऱ्याची विचारपूस आणि जमिनीची मोजणी एकाच बैठकीत! त्याच वर्षी लढाई जुंपली. मौज अशी की झार स्वतः १८५५ साली वारला, त्याचे घराणे १९१७ साली गादीवरून गेले आणि तो ‘आजारी’ सुलतान मात्र १९२२ पर्यंत टिकला. आमच्या गिरण्यांना एवढे आयुष्य कुणी दिले नाही. त्यांना मोजणारे जवळ होते.

आता हाच शब्द उलटा फिरवून पाहू. अमेरिकेत ज्या नोकरदारांना संपाचा हक्क नाही ते सगळे एकाच दिवशी सिक होतात, त्याला ‘सिक-आऊट’ म्हणतात. आपल्याकडेही मे २०१२ मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांनी एकदम सिक घेतली. ताबडतोब प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेले आणि हा बेकायदा संप आहे म्हणून कोर्टाने त्यांना मनाई केली. ठीक आहे. शेकडो माणसे एकाच दिवशी आजारी पडली तर त्यात संगनमत आहे, हे कोर्टाला, सरकारला, पेपरवाल्यांना लगेच कळते. पण एका शहरातल्या, एका मैल-दोन मैलांच्या पट्ट्यातल्या, सहाशे एकर सोन्याच्या जमिनीवर बसलेल्या गिरण्या एकामागून एक आजारी पडत गेल्या, तेव्हा त्यात संगनमत असेल अशी शंकासुद्धा कुणाला आली नाही! त्याला ‘उद्योगाची परिस्थिती’ म्हणायचे. वा रे न्याय!

मराठीत हे सहजी जमले नसते, असे आम्हाला राहून राहून वाटते. कारण आमच्या भाषेत धंदा ‘आजारी’ पडत नाही. धंदा बुडतो, डबघाईस येतो आणि शेवटी दिवाळे निघते. दिवाळे आपोआप निघत नाही. ते कुणीतरी काढतो. जुने लोक सांगतात की बुडालेला सावकार भर दिवसा पेढीवर दिवा लावून बसे, म्हणून ते दिवाळे. म्हणजे पेढीवर कोण बसला आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्या पोरालाही दिसे. ‘शेठजीने दिवाळे काढले’ या वाक्यात शेठजी आहे. ‘गिरणी आजारी पडली’ या वाक्यात शेठजी कुठे आहे? वाक्यातून कर्ताच पळाला! दिल्लीच्या इंग्रजी कायद्यातून हा शब्द आला, आमच्या सरकारी मराठीने त्याचे ‘आजारी उद्योग’ असे इमानेइतबारे भाषांतर केले आणि दरवाजावरच्या नोटिशीतून तो आमच्या डोक्यात शिरला. शेवटी आम्हीच गावाकडे पत्र लिहू लागलो, ‘आमची गिरणी आजारी आहे.’ जणू म्हैस आजारी आहे!

मंडळाचे पुढे काय झाले? १९८५ चा तो कायदा १ डिसेंबर २०१६ पासून रद्द झाला आणि मंडळ बरखास्त झाले. रेल्वेच्या सिक लाईनवर ‘फिट’ची खूण पाहायला मिळते, आमच्या किती गिरण्या तिथून फिट होऊन परत आल्या, ते लालबागच्या नाक्यावर उभे राहून बघा. भोंगा ऐकू आला तर आम्हाला कळवा. धुरांड्यांच्या जागी काचेचे बुरूज उभे आहेत. त्यांच्यासाठीही इंग्रजीत या शब्दाची सोय आहे बरे का! सगळीकडून बंद, यंत्राच्या हवेवर चालणाऱ्या इमारतीत काम करून माणसांचे डोके दुखते, डोळे चुरचुरतात, त्याला १९८० च्या दशकापासून ‘सिक बिल्डिंग’चा विकार म्हणतात. तिथेही पाहा, दुखते माणसाचे आणि सिक म्हणायचे बिल्डिंगला.

२०१६ सालीच दिवाळखोरीचा नवा कायदा आला. त्यात दिवाळखोरी हा शब्द परत आला हे बरे झाले. पण बँकांच्या तोंडी लगेच नवा गोड शब्द बसला, ‘स्ट्रेस्ड’. पूर्वी गिरणी आजारी असायची, आता कर्जखात्यावर ताण असतो! नव्या कायद्यात कंपनी मोडीत निघाली तर कामगारांची येणी तारण असलेल्या सावकारांच्या बरोबरीने धरली जातात, पण फक्त मागच्या २४ महिन्यांची. त्याआधीचे थकले असेल तर मागच्या रांगेत. ज्यांची पोरे आज कारखान्यात, गोदामात, कंत्राटावर कामाला आहेत, त्यांनी हा २४ चा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. कारण मालक ‘थोडा त्रास आहे, सांभाळून घ्या’ म्हणत दोन वर्षे सहज काढतो.

आणि ज्यांची गिरणी त्या तिरप्या रेघेत गेली, त्यांचे घर अजून बाकी आहे. म्हाडाची गिरणी कामगारांसाठीची ६,९२५ घरांची सोडत २०१२ साली निघाली. अर्ज लाखाच्या वर होते. त्या रांगेत उभे राहिलेल्यांतले किती तरी आता खरोखरच सिक आहेत. धाप लागते, कानाला ऐकू येत नाही, जिना चढवत नाही. त्यांना घराच्या चौकशीला पाठवताना एकटे पाठवू नका. लेकी-सुनांनी, नातवंडांनी बरोबर जावे. सेवेचा दाखला, विम्याचे कार्ड, हजेरीची चिठ्ठी, पगाराची पावती, जे असेल ते घेऊन जावे. मूळ कागद हातातून सोडू नये, नक्कल द्यावी आणि पोच घ्यावी. पलीकडचा साहेब इंग्रजीत बोलू लागला तर त्याला मराठीत लिहून मागावे. राज्याची राजभाषा मराठी आहे हे १९६४ च्या कायद्याने ठरलेले आहे, ती कुणाची मेहेरबानी नव्हे.

पुन्हा कुठल्या कारखान्याच्या दरवाजावर ‘सिक’, ‘स्ट्रेस्ड’ किंवा उद्या निघेल त्या नव्या शब्दाची नोटीस लागली, तर दरवाजासमोर उभे राहून आधी जमिनीचे प्रॉपर्टी कार्ड मागा, मागच्या पाच वर्षांचे ताळेबंद मागा, आणि नोटिशीखाली सही कुणाची आहे ते नाव मोठ्याने वाचून दाखवा.